मग गुरं कोन राखनार?

शाळेची पायरी कधी न चढता शाळेवर सगळ्यांत जास्त हक्क सांगणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझा मोठाबा. मोठाबा म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. मी बी.ए. झालो, सरकारी कचेरीत खुर्चीवर बसतो, लोक मला 'साहेब' नाही पण निदान 'भाऊसाहेब' म्हणतात, हे सगळं कुणामुळे झालं असं विचारलं तर रीतीप्रमाणे आईवडिलांचं नाव घ्यावं, गुरुजींचं घ्यावं, देवाचं घ्यावं. मी त्या सगळ्यांना मनापासून नमस्कार करतो आणि पहिलं नाव मोठाबाचं घेतो. देवाने याचा राग मानू नये. आमच्या डोंगरावर देव वर्षातून एकदा जत्रेपुरता येतो. मोठाबा रोज म्हशींच्या मागे वरखाली होत होता.

आमची वाडी उमरठच्या बाजूला, डोंगराच्या पार माथ्यावर. सात-आठ घरं, प्रत्येक घरामागे गोठा, भोवती नाचणी आणि वरीची शेतं. घरातल्या माणसांपेक्षा गोठ्यातली जनावरं जास्त. या वाडीचा सगळा कारभार पाळीने चालायचा. सगळ्या घरांची गुरं एका कळपात चरायला जायची आणि रोज एका घराने राखायला माणूस द्यायचा. देवीच्या दिव्याला तेल पाळीने, पोलादपूरच्या बाजारातून मीठमिरची आणायची पाळीने, आजाऱ्याला डोलीत घालून खाली न्यायचं तेही पाळीने. कुणाची पाळी कधी हे ठरवायचा मोठाबा. त्याला लिहिता येत नव्हतं, पण कुणाची पाळी चुकली हे तो झोपेतून उठूनही सांगे. मोठी आई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "ह्याला समद्या वाडीच्या पाळ्या ध्यानात हायत. घरात पानी कुनी भरायचा, तेवढाच नाय ध्यानात."

अशा माणसाकडे एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला एके दिवशी खालच्या गावच्या शाळेतले गुरुजी घामाघूम होऊन वर आले. नवेच आले होते, पुण्याकडचे होते, आणि पुस्तकात असतं तसं बोलायचे. त्यांनी पाणी प्यायल्यावर सांगितलं की शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, त्यावर राष्ट्राची प्रगती अवलंबून आहे, आणि या वाडीचा एकही मुलगा शाळेत नाही ही शरमेची गोष्ट आहे. मोठाबाने सगळं नीट ऐकून घेतलं. वाडीकडून काहीतरी द्यायचं राहून गेलंय, एवढं त्याला पक्कं समजलं. त्याने विचारलं, "रोज पायजे?"

"रोज. एक दिवस खाडा चालणार नाही."

"नाय व्हनार खाडा," मोठाबा म्हणाला. "गुरजी, तुमी निवांत जा."

आणि खाडा खरोखरच झाला नाही. मोठाबाने शाळेची पाळी लावली. सोमवारी आमच्या घरची पाळी, म्हणून मी गेलो. मंगळवारी शेजारच्या घरची भागी गेली. बुधवारी तिसऱ्या घरातलं पोर. रोज डोंगरावरून एक नवा चेहरा उतरतोय हे पाहून गुरुजी पहिले काही दिवस हरखून गेले. त्यांना वाटलं, वाडी हळूहळू जागी होते आहे. ते रोज नवं नाव लिहून घ्यायचे आणि वरच्या साहेबांना कौतुकाने कळवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की नावं भरपूर झाली, पण वाडीचं पोर वर्गात रोज एकच असतं. त्यांनी भागीला विचारलं, "काल आलेला तो मुलगा कुठे गेला?" भागी म्हणाली, "त्याची पाळी झाली ना काल. आज माझी हाय."

मोठाबाची व्यवस्था मात्र इतकी साधी नव्हती. जो शाळेत जाईल त्याने संध्याकाळी परत आल्यावर वाडीतल्या बाकीच्या पोरांना अंगणात बसवून दिवसभरात जे शिकवलं ते सांगायचं, असा त्याचा दंडक होता. एकाने जावं आणि सगळ्यांनी शिकावं. पण चढ चढता चढता आमच्या डोक्यातलं निम्मं गळून जायचं. उरलेलं सांगताना जो तो आपल्याच अक्षराला धरून बसायचा. मला 'क' येत होता. भागीला 'म' येत होता. 'ळ' वाडीच्या टोकाच्या घरात होता आणि त्या घराचं आमच्याशी बांधावरून भांडण होतं. त्यामुळे त्या वर्षी आमच्या वाडीत कुणाला 'कमळ' लिहायचं झालं असतं तर आधी दोन घरांचा समेट करावा लागला असता.

गुरुजी पुन्हा वर आले ते रागावूनच. मोठाबा गोठ्यात धार काढत होता. त्यालाही राग आला. "खाडा कुटं झाला त्या सांगा. रोज एक पोर हाय ना तुमच्याकडं?"

"अहो, पण शाळा अशी पाळीने करायची नसते."

"का नसते? गुरं पाळीनं राखतो. देवीचा दिवा पाळीनं लावतो. देवीला चालता आनि तुमाला चालत नाय?"

समोर मोठी आई नाचणीची भाकरी थापत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मोठाबा, जेवायला पाळीने बसता का? आज एकाने जेवायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकायचं, असं?"

मोठाबाचा धार काढणारा हात थांबला. गुरुजी गेले तरी तो बोलला नाही, जेवताना बोलला नाही. मोठी आई सांगते की तिला वाटलं, म्हशीने लाथ मारली म्हणून धुसफुसतोय. सकाळी उठून त्याने देवळापुढे सगळ्या घरांना बोलावलं आणि सांगितलं, "जेवन पाळीनं व्हत नाय. आजपासून समदी पोरं रोज शाळंत."

"मग गुरं कोन राखनार?" माझ्या बापाने विचारलं. रास्त प्रश्न होता. पाळी प्रत्येक घराची असली तरी त्या पाळीला काठी घेऊन जायचो आम्ही पोरंच. मोठी माणसं शेतात असायची.

"मी," मोठाबा म्हणाला. "समद्यांची. शाळा असंल तवर."

वाडीच्या आठवणीत पाळी कधी मोडली नव्हती. ती मोडणाराही निघाला तो पाळी लावणाराच. लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं आणि मग आपापली गुरं त्याच्याकडे सोडली, कारण फायदा उघड होता. फक्त त्याची एक अट होती. ज्या घराचं पोर शाळेत जाणार नाही, त्या घराची गुरं तो नेणार नाही. अटीचा पहिला मान भागीच्या घराला मिळाला. तिच्या आईने धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला घरी ठेवून घेतलं. मोठाबा सकाळी सगळी गुरं घेऊन गेला आणि भागीच्या घरची म्हैस तेवढी दावणीला राहिली. आपल्या जातभगिनी डोंगरावर गेल्या आणि आपण मागे राहिलो, हे त्या म्हशीला सहन होईना. ती सकाळपासून जी रेकायला लागली ती दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी भागीची आई दारात येऊन म्हणाली, "न्या रे बाबांनो, दोघींना न्या. ही रेकते आनि ती रडते. माझा डोका उठलाय." पुढे आमच्या वाडीत कुणाचं पोर घरी राहिलं असं म्हणत नसत. 'म्हैस दारात राहिली' म्हणत.

मोठाबाला पोरं आणि गुरं यांत फारसा फरक दिसत नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी गुरांचा दर्जा फार वरचा होता. सकाळी तो आम्हाला वहाळापर्यंत सोडायला यायचा आणि ओढ्यापलीकडे गेलो की काठीने हवेत टोचे मारत मोजायचा. संध्याकाळी परत मोजायचा. पावसाळ्यात डोंगरावर असं धुकं उतरतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. तेव्हा त्याने कळपातल्या म्होरक्या गाईच्या गळ्यातली घंटा काढून आमच्यातल्या सगळ्यांत लहान पोराच्या गळ्यात बांधली. ते लहान पोर म्हणजे भागीचा धाकटा; घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तोही आमच्याबरोबर यायचा. तो मागे रेंगाळला की आवाज मागून यायचा आणि आम्ही थांबायचो. वर्गातही तो तसाच घंटेसकट बसायचा आणि पाढे म्हणताना डुलायला लागला की सगळा वर्ग रानात असल्यासारखा वाटायचा. गुरुजींनी ती काढून ठेवायला सांगितली तर मोठाबाने निरोप पाठवला, "गुरजींनी पोराची हमी घ्यावी, मग काढावी." गुरुजींनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं आणि घंटा राहू दिली.

संध्याकाळी तो आमचा अभ्यास घ्यायचा. त्याला एक अक्षर येत नव्हतं, पण अभ्यास म्हणजे रवंथ, हे त्याचं ठाम मत होतं. "सकाळी भराभरा गिळला त्यानं अंगाला काय लागत नाय. बसून परत चघळायला पायजे." मग आम्ही ओळीने बसून मोठ्याने पाठ म्हणायचो आणि तो आमच्या जबड्यांकडे बघत फेऱ्या मारायचा. जबडा नीट हलत असला की खूश. मी एकदा कंटाळून पाढ्याच्या चालीवर त्याच्या शेळ्यांची नावं म्हणत बसलो होतो. चाल अगदी सही होती. मोठाबा पुढे गेला, थांबला, मागे आला आणि म्हणाला, "पाढा फार चांगला म्हनतोस रे. फक्त त्यातली तांबडी मागल्या शिमग्याला मेली."

गुरं चारायला तो रोज एकाच उतारावर न्यायचा. तिथून खालच्या शाळेची कौलं आणि पुढचं पटांगण दिसायचं. प्रार्थनेला उभी राहिलेली आमची रांग त्याला मुंग्यांएवढी दिसत असणार, पण त्याला ती पुरत होती. त्या उतारावरचं गवत त्याने कधी वाढूच दिलं नाही. इतर उतारांवर गुडघाभर चारा उभा असताना आमची गुरं तो एक पट्टा चाटून पुसून काढायची. दूध कमी झालं म्हणून लोक कुरकुरायचे. "पलीकडं ने ना गुरं," माझा बाप म्हणायचा. मोठाबा म्हणायचा, "पलीकडनं काय दिसत नाय."

एवढं असून तो शाळेत कधी आला नाही. पंधरा ऑगस्टला खांद्यावर घोंगडी टाकून शाळेच्या दगडी गडग्याच्या बाहेर उभा राहायचा. गुरुजी आत बोलवायचे तर म्हणायचा, "राहू दे. माजी पाळी नाय." एका वर्षी महाडहून मोठे पाहुणे आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की देशाची प्रगती करायची असेल तर देशातलं प्रत्येक मूल शाळेत गेलं पाहिजे. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर गडग्याबाहेरून आवाज आला, "समदी पोरं शाळंत गेली तर मग देशाची गुरं कोन राखनार?" पटांगणात मोठा हशा पिकला. पाहुणेही हसले आणि चहाला गेले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी एकटाच हसलो नाही, कारण आमच्या डोंगरावर या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते गडग्याबाहेर अनवाणी उभं होतं. घरी जाताना मोठाबा मला म्हणाला, "देश म्हंजे आपल्यासारखीच वाडी हाय रे. घरं जास्ती, एवढाच. समद्यांना जेवायला बसवायचा तर वाढनारा कोनतरी उभा राहायला पायजे. त्या पाव्हन्यानं त्याचा काय सांगितला नाय."

मी दहावी झालो. वाडीतला पहिलाच. बापाने पेढे वाटले आणि त्याच दिवशी सांगितलं की आता पुरे. मुंबईला ओळखीच्या माणसाच्या गोदामात त्याने माझी सोय लावली होती. बाप काही वाईट माणूस नव्हता. त्याची पाठ दुखायची, शेत त्याच्या एकट्याच्या हातून होत नव्हतं आणि माझ्या वयाची पोरं मुंबईला जाऊन घरी आधार देत होती. आमच्या घरात बापापुढे बोलायची पद्धत नव्हती. महाडच्या कॉलेजात नाव घालायचे दिवस संपत आले होते आणि मी कपड्याची पिशवी भरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वाडीची गुरं डोंगरावर गेली आणि आमची म्हैस दारात राहिली.

सख्ख्या भावाची म्हैस. वाडी बघत राहिली. म्हैस रेकली, गाई हंबरल्या, आई भांडी आपटत राहिली. बाप हट्टी होता, आणि तो हट्ट कोणत्या घराण्यातला हे सांगायला नको. तो म्हणाला, "मला काय हातपाय नायत?" आणि तिसऱ्या दिवशी पाठीला फडकं बांधून स्वतः आमची गुरं घेऊन निघाला. पण गुरांना वाट एकच माहीत होती. ती त्याला थेट त्या उतारावर घेऊन गेली. मग रोजचा देखावा सुरू झाला. एका टोकाला मोठाबा वाडीचा कळप घेऊन, दुसऱ्या टोकाला माझा बाप आमची चार जनावरं घेऊन. दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मी भाकरी घेऊन जायचो, एकाला देऊन दुसऱ्याकडे जायचो.

"त्याला इचार, मिरची पायजे का," बाप म्हणायचा.

"त्याला सांग, माज्याकडं हाय," मोठाबा म्हणायचा. अंतर असं की दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

गुरांनी मात्र अबोला धरला नव्हता. बाप हाकलून हाकलून थकायचा, पण आमची म्हैस पाच मिनिटांत आपल्या जुन्या मैत्रिणींत जाऊन उभी राहायची. तो दुखऱ्या पाठीने तिला आणायला जायचा, तोवर गाय तिकडे पोचलेली. एके संध्याकाळी धुकं आलं. बापाने हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या, आपलं एकही जनावर त्याला सापडेना. शेवटी तो खाली बसला. धुक्यातून मोठाबा आला आणि त्याच्या शेजारी बसला. किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे. मी कंदील घेऊन वर निघालो तर पुन्हा म्होरक्या गाईच्या गळ्यात गेलेल्या घंटेच्या आवाजामागून सगळा कळप एकच होऊन उतरत होता आणि त्यामागे दोघं भाऊ चालत होते. बापाने माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "गुरांना ज्या कळता त्या मला कळायला येळ लागला. जाऊ दे त्याला म्हाडला."

असा मी महाडला आलो. मोठाबा एकदाच कॉलेज बघायला आला, खव्याचा गोळा घेऊन. फाटकातून शेकडो पोरं आत-बाहेर करताना बघून तो घाबरला. "हितं मोजतो कोन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही. एस.टी.त चढताना तो म्हणाला, "मग तूच आपला आपल्याला मोजत जा. सकाळी एक डाव, सांजला एक डाव." मी अजून मोजतो.

पुढे मला नोकरी लागली. माझ्यामागून वाडीतली पोरं एकेक करून शिकली आणि एकेक करून उतरली, कुणी महाडच्या कारखान्यांत, कुणी मुंबईला. गोठे रिकामे होत गेले. मोठाबा मला एकदा म्हणाला, "समदी शिकली, बरा झाला. समदी गेली, त्या पन बराच असंल." एवढंच म्हणाला, आणि उरलेली गुरं मोजायला उठला. मग सरकारने लहान लहान वस्त्यांवर शाळा सुरू केल्या, तशी एक आमच्या माथ्यावरही आली. देवळाजवळच्या कुडाच्या खोलीत मागे राहिलेल्या घरांची मूठभर पोरं बसू लागली. शिकवायला बारावी झालेली भागी होती, जिच्यासाठी एक म्हैस दिवसभर रेकली होती ती. माझ्या पत्रांचं वाचन आणि मोठाबाच्या निरोपांचं लेखन तिच्याचकडे असे.

मोठाबा जाऊन आता काही वर्षं झाली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला तेव्हा आमच्या कचेरीतही भाषणं झाली, चांगली झाली. मला आपला गडग्याबाहेरून आलेला प्रश्न ऐकू येत राहिला. त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. आठवड्याभरापुरतं का होईना, एकदा मी ते दिलं होतं. त्या वेळी त्याला पाठवलेलं हे पत्र.

'ती. मोठाबास साष्टांग नमस्कार.

भागे, हे पत्र तू वाचू नकोस. वर्गातल्या पोरांना पाळीने वाचू दे, एकेकाला एकेक ओळ. पत्र पाळीने वाचलेलं चालतं. त्यांच्यासाठी ओळी लहान लिहितो.

मोठाबा, मी बरा आहे.

रोज दोन वेळा मोजतो. पुरा भरतो.

रवंथ चालू आहे.

भागी कळवते की तू रोज शाळेच्या खिडकीशी गुरं थांबवतोस.

तिथलं गवत संपलं आणि आता म्हशी शाळेच्या कुडाला तोंड लावतात.

भागीने तुला आत बोलावलं तर तू म्हणालास, मग गुरं कोन राखनार.

मी आठवड्याची रजा काढली आहे.

रविवारी संध्याकाळी वर येतो.

काठी आणि घोंगडी दारात काढून ठेव.

म्हशी मला विसरल्या असतील तर त्यांना माझ्याबद्दल चार शब्द चांगले सांग.

सोमवारी शाळा भरली की तू आत जाऊन पुढे बस, मागे नको.

भागी शिकवताना तिच्या जबड्याकडे नको, फळ्याकडे बघ.

मी गुरं लांब नेणार नाही, त्या आपल्या उतारावरच ठेवीन.

आणि धुकं आलं तर ती घंटा माझ्या गळ्यात बांध, म्हणजे आत बसल्या बसल्या तुला ऐकू येईल आम्ही कुठे आहोत ते.

तुझा,
किसन'